सात वर्षांची माती

मित्रांनो, माझा रंग निळा आहे, पोटावर दोन जाड कडी उठलेली आहेत आणि काठोकाठ भरलो तर माझ्यात दोनशे लिटर मावतात. माझ्यासारखे ड्रम तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. बांधकामावर, ढाब्याच्या मागे, लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे दुसऱ्यांदा वळून कुणी बघत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझ्या पोटात सात वर्षे जे आंबत होते, त्याचे पुढे काय झाले तेवढे मला सांगायचे आहे. ते ऐकायला गोड नाही. तरी ऐका.

तापलेले प्लॅस्टिक साच्यात फुगवतात आणि गार करून बाहेर काढतात, तसा माझा जन्म झाला. नाव नाही, गाव नाही. पाठीवर एक नंबर होता, तोही पुढे पुसला गेला. पोटात साबणाचे दाट रसायन घेऊन मी महाडजवळच्या एका कारखान्यात आलो. एका दुपारी तिथल्या माणसांनी ते काढून घेतले आणि मला आडवा पाडून पायाने ढकलत भिंतीशी नेले. एकाच फेरीत माझे आयुष्य संपले, असे मला वाटले. मग भंगारवाल्याचा टेंपो आला. महाडच्या बाजाराबाहेर त्याच्या दुकानापुढे आम्ही ड्रम एकावर एक रचलेले, उन्हात तापत राहिलो.

तिथून मला बनुबाईने नेले.

बनुबाई तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. अंगाने बारीक, उंचीने लहान. कुठलीही वस्तू बघायची म्हणजे आधी तिला हात लावायचा, अशी तिची सवय. तिने सात-आठ ड्रमांवर बोटे वाजवून पाहिली. माझ्यात तर ती पदरासकट डोकावली. तिचे यजमान आबाजी छत्री धरून बाजूला उभे होते.

"ह्यो घ्या," ती आतूनच म्हणाली. "चीर नाय कुठं."

"पाण्याला एवढा मोठा कशाला गो?" आबाजी म्हणाले.

"पाण्याला नाय. घरी चला, सांगते."

त्यांची वाडी शिवथरच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. पंचवीस घरे, त्यातल्या निम्म्यांना कुलूप. बनुबाई आणि आबाजींची एकुलती मुलगी लग्न होऊन पोलादपूरला गेलेली. घरात ही दोघे आणि गोठ्यात तांबू नावाची बुटकी गावठी गाय. त्यांचा स्वतःचा जमिनीचा तुकडा वर उतारावर होता. तिथे माती थांबतच नसे. पावसाळ्यात थोडी नाचणी व्हायची, बस. खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला बारा गुंठ्यांचा सपाट तुकडा होता, तो आबाजींच्या चुलतभावाचा, सुधीरचा. सुधीर कल्याणला राहायचा. त्याचे वडील गेल्यापासून दहा वर्षे ती जमीन पडून होती. आबाजींनी विचारले, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "दादा, पडून आहे तर तुम्हीच करा. मला काय करायचंय तिचं?" त्या एका वाक्यावर ही दोघे त्या शेतात उतरली होती.

जमीन कशी होती म्हणून सांगू? फावडे मारले की हाताला झिणझिण्या यायच्या. पाणी पडले की वरच्यावर वाहून पऱ्यात जायचे. पहिल्या वर्षी भात लावला तर गुडघ्याएवढाच वाढला आणि पिवळा पडला. आबाजी म्हणाले, सोडून देऊ. पण बनुबाईने सोडले नाही.

एक संस्था गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना सेंद्रिय खते शिकवायची. तिथल्या अनुपमा मॅडम वाडीत येऊन जीवामृत कसे करायचे ते सांगून गेल्या होत्या. ऐकायला सगळी वाडी बसली होती, पण करायला एकटी बनुबाई उठली. शेताच्या बांधावर जांभळाचे झाड होते. त्याच्या सावलीत तिने चार दगड बसवले आणि त्यांवर मला उभा केला. माझ्यात पाणी ओतले. तांबूचे दहा किलो ताजे शेण कालवले, एक बादली गोमूत्र घातले, दीड किलो गूळ फोडून टाकला. बेसन आणायला सांगितले होते, तिने घरच्या कुळथाचे पीठ घातले. शेवटी बांधावरची, झाडाखालची मूठभर माती.

गूळ बघून आबाजी म्हणाले, "माज्या चहाला चिमूटभर, आन् ह्याला दीड किलो?"

"तुमी चहा पिऊन काय उगवनार हाव?" बनुबाई म्हणाली, आणि काठी घेऊन ढवळायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझ्या काठापर्यंत पांढराशुभ्र फेस आला. बनुबाईने शेजारणींना बोलावून दाखवला. मला मात्र आतून कळत होते की काही चुकले आहे. चार दिवसांनी मॅडम आल्या. त्यांनी वाकून वास घेतला आणि हसू दाबून विचारले, "मावशी, या ड्रममध्ये आधी काय होतं?"

तो साबणाचा फेस होता, मित्रांनो. माझ्या कड्यांच्या आत रसायन चिकटून राहिले होते. जे जीव वाढायला हवे होते ते त्यात मरून गेले. वाडीला पुढे महिनाभर हसायला विषय झाला. "बनुबाय शेताला आंघोळ घालते," असे लोक म्हणत. माझ्यामुळे तिचे हसे झाले, याची मला लाज वाटली. तिने मात्र मला शिवी दिली नाही. मॅडमने सांगितले, "फवारणीच्या औषधाचा ड्रम असता तर मी तुम्हाला वापरूच दिला नसता. साबण धुतला जाईल. पण घासावं लागेल." तिने राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला, आणि निम्मी माझ्यात उतरून पंधरा दिवस मला घासले. नखे झिजली. रोज पाणी भरून ओतायची, चार थेंब तळहातावर घेऊन चोळायची. बुडबुडा आला की पुन्हा राख.

मग एकदा पाणी नुसते पाणी राहिले.

दुसऱ्या वेळचे मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आत कुठेतरी खोल बारीक आवाज सुरू झाला. पाणी शिजताना येतो तसा, पण विस्तव नसताना. शेणाचा वास गेला आणि ताकासारखा आंबूस वास आला. फेसही आला, पण तपकिरी, जाळीदार. बनुबाई सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन गोणपाट बाजूला करायची आणि एकाच दिशेने ढवळायची. तिच्या ओठांवर आकडे असायचे. ती साठपर्यंत मोजायची. सातव्या दिवशी तिने मला बादली-बादलीने रिकामा केला आणि ते पाणी सगळ्या शेतात शिंपडले.

काय झाले? काहीच नाही. मी खोटे सांगणार नाही. पहिल्या वर्षी जमीन ते पाणी प्यायली आणि गप्प राहिली. दुसऱ्या वर्षीही जेमतेमच. तेवढ्यात राबावरून घरात भांडण झाले. आपल्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर पाला, काटक्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणे म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बनुबाई म्हणाली, यंदा राब भाजायचा नाही.

"मग रोप धरनार कसं?" आबाजी ओरडले. "माजा बा भाजायचा, आजा भाजायचा."

"आपनच ज्यांना जेवाय घातलं त्यांना जाळायचं?" ती म्हणाली.

शेवटी अर्ध्या वाफ्यावर आबाजींनी राब भाजला आणि अर्ध्यावर बनुबाईने माझ्यातले पाणी घातले. त्या वर्षी आबाजींचे रोप चांगले आले. पुढच्या वर्षी दोन्ही सारखी आली. त्याच्या पुढच्या वर्षी आबाजींनी पाला गोळा केलाच नाही. सकाळी ती गोठ्यात असताना स्वतःच काठी घेऊन मला ढवळून गेले, एवढेच. फक्त उलट्या दिशेने ढवळले, त्यावरून बोलणी खाल्ली.

चौथ्या वर्षी गांडुळे आली. कुणी आणून सोडली नाहीत. बनुबाई बांध साफ करत होती, तिने एक ढेकूळ उचलले तर ते हातातच मोडले आणि आत ती वळवळत होती. ती तिथेच खाली बसली. मग तिने ते ढेकूळ आणून माझ्या काठावर ठेवले, जणू मला दाखवायला. मला डोळे नाहीत हे तिला माहीत होते. तरी ठेवले.

त्यानंतरची तीन वर्षे हा माझ्या आयुष्यातला चांगला काळ. माती काळपट आणि मऊ झाली. पाऊस मुरायला लागला. भात कापल्यावर त्याच ओलीवर ती वाल पेरायची आणि पाणी न देता वाल यायचे. पेंढा इतका व्हायचा की तांबूला वर्षभर पुरून उरायचा. जी वाडी हसली होती ती बी मागायला यायला लागली. मॅडम पोलादपूरकडचे शेतकरी घेऊन यायच्या. सगळे माझ्याभोवती गोल उभे राहायचे, माझ्यात वाकून वास घ्यायचे. फोटो निघायचे. मला मिरवल्यासारखे वाटायचे, हे मी कबूल करतो.

सातव्या वर्षी कुठल्याशा स्पर्धेचा अर्ज आला. जमीन सुधारणाऱ्या शेतकऱ्याला मानपत्र मिळणार होते. अनुपमा मॅडम माझ्याच झाकणावर कागद ठेवून अर्ज भरायला बसल्या.

"मावशी, सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"आमच्या भावजींच्या. सुधीर."

मॅडमचे पेन थांबले. "मग शेतकऱ्याच्या रकान्यात त्यांचंच नाव घालावं लागेल. सातबारा जोडायचाय. तुमचं नाव खाली लिहू का, सहकार्य म्हणून?"

"लिवा काय ते," बनुबाई म्हणाली. ती कुळथाचे पीठ चाळत होती. "मानपत्र काय पेराय लागत नाय. माती आमच्या हाताखाली हाय तोवर कोनाचं पन नाव लिवा."

मानपत्र मिळाले. सुधीरच्या नावाने. त्याचा फोटो काढून कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला आणि तो कल्याणला पोहोचला. पंधरा-सतरा वर्षांत ज्याला शेताची आठवण झाली नव्हती, तो गणपतीत आला तो सरळ शेतावर आला. भात पोटरीत होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. सुधीर बांधावर उभा राहून बघतच राहिला. त्याने मूठभर माती हातात घेतली, फोटो काढून घेतला, मित्रांना पाठवला.

"वहिनी, कमाल केलीत हां. एकदम टॉप. मला तर वाटलं होतं, इथे आता काहीच होणार नाही."

बनुबाईला आनंद झाला. त्याला परत जाताना तिने पाच किलो वाल बांधून दिले. तो वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. वाल त्याने आवडीने नेले.

भात कापून झाला, वाल पेरून झाले. वालाला दोन-दोन पाने फुटली होती. माझ्यात नवे जीवामृत तीन दिवसांचे झाले होते, अजून चार दिवसांनी ते वालाला द्यायचे होते. तेव्हा सुधीर पुन्हा आला. बरोबर एक वीटभट्टीवाला होता. भट्टीवाल्याने पहार रोवून पाहिली, ती न अडता हातभर आत गेली. त्याने सुधीरकडे बघून मान डोलावली.

आबाजी आणि बनुबाई धावत खाली आली. सुधीर हसून म्हणाला, "दादा, गावात घर बांधतोय. रिटायर झाल्यावर इथेच येणार. हे आपल्या शेतातली दोन फूट माती उचलणार आणि त्या बदल्यात मला विटा देणार. म्हणजे माझ्याच मातीच्या विटा, माझंच घर. काय फील येईल, सांगा!"

बनुबाई म्हणाली, "भावजी, वाल हायेत त्यात."

"वालाचं काय ते बघू आपण. मी नुकसानी देतो ना."

"वालाचं नाय वो." ती शेतात उतरली आणि हाताने खोली दाखवू लागली. "ही वरची एवढी माती हाय ना, एक फूट, ही तेवढी राहू दे. जेसीबीनं बाजूला सारा, खालची न्या, मग वरची परत पसरा. आमी पसरू. तुमी हात पन लावू नका."

सुधीरने भट्टीवाल्याकडे पाहिले. भट्टीवाला म्हणाला, "असा थर काढत बसायला आमाला परवडत नाय. आन् मऊ हाय ती वरचीच. खाली मुरूम लागतोय."

"बघा," सुधीर म्हणाला. "आणि वहिनी, तुम्हाला काय कठीण आहे? तुम्ही परत तयार कराल. फॉर्म्युला आहे ना तुमच्याकडे. ड्रम पण आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या प्लॅस्टिकची शरम वाटली. मी असलो म्हणजे माती आपोआप होते, असे त्याला वाटत होते. मी फक्त भांडे आहे. त्यात रोज दोनदा साठ वेळा फिरलेला हात त्याने कधी पाहिलाच नव्हता.

जेसीबी सोमवारी येणार होता. मध्ये शनिवार-रविवार होते. सुधीर वाडीतच त्याच्या जुन्या घरात मुक्कामाला होता. शनिवारी सकाळी बनुबाई आणि आबाजी दोन घमेली आणि फावडे घेऊन आली. दोघे वरची माती खरवडून घमेल्यात भरत आणि डोक्यावर घेऊन उतारावरच्या आपल्या तुकड्यात नेऊन टाकत. चढण उभी होती. आबाजी चौसष्ट वर्षांचे, त्यांना दर दोन खेपांनी बसावे लागे. दुपारपर्यंत त्यांच्या साधारण चाळीस खेपा झाल्या. एवढ्या मोठ्या शेतात तेवढ्याने खळगासुद्धा दिसत नव्हता.

सुधीर जेवून फिरायला निघाला होता. त्याने त्यांना पाहिले आणि खाली आला.

"दादा, हे काय चाललंय?"

आबाजींच्या डोक्यावर घमेले होते. ते तसेच उभे राहिले.

"दादा, मी भट्टीवाल्याला शब्द दिलाय. उद्या तो म्हणेल माती कमी भरली. मला विचारलं असतं तर दोन-चार घमेली मी नाही म्हणालो असतो का? पण असं न विचारता नेणं म्हणजे..." तो थांबला. तो शब्द त्याने उच्चारला नाही. पण सगळ्यांना ऐकू आला.

आबाजींनी घमेले हळूच खाली ठेवले. "चल गो," ते म्हणाले.

बनुबाई चढणीवर अर्ध्या वाटेत होती. तिने सगळे ऐकले होते. ती वळली, घमेले तसेच डोक्यावर घेऊन खाली उतरली, शेताच्या मधोमध गेली आणि तिने ते पालथे केले. बुडाला राहिलेली माती हाताने थोपटून झाडली. दोन्ही हात एकमेकांवर पुसले. मग सुधीरला म्हणाली, "वर नेलेली पन आनून टाकते. सांगा."

"अहो वहिनी, तसं नव्हतं माझं म्हणणं. ती राहू द्या की."

ती वाटेला लागली. माझ्याजवळून जाताना तिची पावले क्षणभर थांबली. ढवळायची वेळ झाली होती. तिने काठीला हात लावला नाही.

सोमवारी जेसीबी आला. पहिल्या घासातच वालाच्या चार ओळी गेल्या. पाच दिवस डंपर चालले. माती उपसली की गांडुळे उघडी पडायची आणि बगळे जेसीबीच्या मागे मागे चालायचे. इतके बगळे मी त्या शेतात भात लावतानाही पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याच्या माणसांना पाण्यासाठी ड्रम हवा होता. ते माझ्याकडे आले. माझ्यात सात दिवसांचे, बरोबर तयार झालेले जीवामृत होते. त्यांनी नाक धरून मला आडवा केला. ते सगळे दगडांवरून वाहत पऱ्यात गेले. आबाजींना कुणीतरी विचारले, "डरम नेऊ काय?" ते म्हणाले, "न्या."

रस्त्याच्या कडेला भट्टी होती. तिथे मी पाण्याने भरलेला असायचो. तीच माती माझ्यासमोर ढिगाने येऊन पडायची, माझ्यातले पाणी तिच्यावर ओतायचे, तूस घालून तुडवायचे, साच्यात घालून विटा पाडायचे. विटा वाळल्या की रचायच्या आणि पेटवायच्या. सात वर्षे मी ज्यांना वाढवले होते ते किती होते, मला मोजता यायचे नाही. मॅडम म्हणायच्या, चमचाभर मातीत कोट्यवधी. भट्टी बारा दिवस धुमसत होती.

जानेवारीत अनुपमा मॅडमची जीप भट्टीपाशी येऊन थांबली. आत पोलादपूरचे शेतकरी होते, शेत बघायला आलेले. आधी ठरलेली भेट, त्यांना कुणी कळवलेच नव्हते. निरोप गेला तशी बनुबाई रस्त्यापर्यंत आली. मॅडम एकट्याच शेताकडे जाऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी, अर्जात ते नाव मी घातलं."

"नाव खोटं नव्हतं मॅडम," बनुबाई म्हणाली. "खोटं असतं तर काय तरी करता आलं असतं."

"वरच्या तुकड्यात पुन्हा सुरू करू. मी नवा ड्रम देते, गूळ देते. दर आठवड्याला येते मी."

"तो तुकडा ह्यांच्या नावावर. ह्यांच्या मागून कोनाच्या नावावर जाईल, मला कोन विचारनार हाय?" ती जीपमधल्या माणसांकडे बघत होती. "मी आता बासष्टची झाले. माज्याच्यान अजून सात वर्सं ढवळून नाय व्हायचं. ह्या मानसांना शिकवा. पन शिकवायच्या आदी ह्यांना इचारा, जमीन कोनाची हाय."

मॅडम जीपकडे वळल्या. जीप वळायला लागली. तेवढ्यात आतल्या एकाने उतरून भट्टीवाल्याला हळूच विचारले, विटा कुठल्या भावाने देता?

पावसाळ्यात त्या बारा गुंठ्यांत पाणी साचले. दोन फूट खोल खड्डा, खाली मुरूम, पाण्याला वाट नाही. भात लागला नाही. पेंढा नाही, म्हणून दिवाळीच्या आधी तांबूला मुलीच्या सासरी पोलादपूरला पाठवून दिले. ती टेंपोत चढेना. आबाजींनीच तिला मागून ढकलले आणि मग ते दिवसभर घराबाहेर आले नाहीत.

सुधीरचे घर बांधून झाले. भिंतींवर पाणी मारायला मला भट्टीवरून इकडे आणले होते, तो मी इथेच राहिलो. वास्तुशांतीला सगळी वाडी आली. पाहुण्यांना हातपाय धुवायला मी अंगणाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन उभा होतो. सुधीरने एक भिंत मुद्दाम गिलावा न करता ठेवली होती, विटा दिसाव्यात म्हणून. लोक तिच्यावरून हात फिरवत होते.

बनुबाईसुद्धा आली होती. भावकीत राहायचे म्हणजे यावे लागते. हात धुवायला ती माझ्याजवळ आली, तांब्या बुडवला, आणि तिचा हात माझ्या आतल्या कड्याला लागला, जिथे तिने पंधरा दिवस राख घासली होती. ती थबकली.

सुधीर जवळच होता. "अरे हो, वहिनी, हा ड्रम तुमचाच ना? घेऊन जा वाटल्यास. माझं काम झालंय."

"राहू दे भावजी," ती म्हणाली. "गाय नाय घरात. काय घालू ह्याच्यात?"

"पाणी भरून ठेवायला होईल."

"पान्याला कळशी हाय."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पंगतीला जाऊन बसली. आबाजी आले नव्हते. त्यांचे पान वाढून नेते, असे सांगून ती लवकर उठली. त्यानंतर ती माझ्यापाशी आली नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी पुढे शेती कराल, कुणी मॅडमसारखे गावोगाव शिकवायला जाल, आणि कुणी शहरात राहून गावच्या जमिनीचे मालक व्हाल. मातीत जीव घालायचे काम चांगलेच आहे. ते करा, शिकवा. पण दुसऱ्याच्या जमिनीत पहिली बादली ओतण्याआधी, ती माती किती वर्षे तुमच्या हाती राहणार ते कागदावर लिहून घ्या. घरातल्या बाईचे नावही त्या कागदावर घाला. शिकवायला जाल तेव्हा गूळ किती आणि शेण किती ते सांगाल, त्याच्या आधी हेही सांगा. आणि मालक असाल, तुमच्या पडीक जमिनीत कुणी सात पावसाळे वाकले असेल, तर तिथे यंत्र नेण्यापूर्वी एकदा अनवाणी उतरा. पाय किती आत जातो ते बघा, मग ठरवा.

सुधीर त्या वर्षी शेतात तीनदा उतरला. तिन्ही वेळा त्याच्या पायात बूट होते.